बटणाचे टायर

"रस्ता कोणता?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"डोंगरातला," मी म्हणाले.

"डांबरी," तात्या म्हणाले.

आम्ही दोघं एकदमच बोललो. चाचांनी तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारलं, आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या वडलांकडं, आणि हातातला पान्हा खाली ठेवला.

"मिस्त्री, गाडी एकच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग रस्तं दोन कसं?"

तात्या हसले. त्यांचं हसणं मला पाठ होतं, पण हे हसू त्यातलं नव्हतं.

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, दाराशी पंक्चर बघायची पाण्याची परात आणि आढ्याला टांगलेले टायर. बाकीचे दुकानदार गिऱ्हाईक आलं की गाडी कोणती ते विचारत. चाचा रस्ता विचारत. "टायर गाडीला बसत नसतो, रस्त्याला बसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ते मीच त्याला शिकवलं," असं तात्या सांगायचे, आणि चाचा नेमकं उलटं सांगायचे. दोघांची तीस वर्षांची मैत्री या एका भांडणावर तगून होती.

शेडसमोर आमची राजदूत मोटारसायकल उभी होती. तात्यांनी ती जुनीच घेतलेली, आणि आमच्याकडं येऊनही तिला बारा वर्षं झाली होती. तिचे दोन्ही टायर पार गोटा झाले होते. मागच्या टायरवरून हात फिरवला तर एखाद्या आजोबांच्या टकलावरून फिरवल्यासारखं वाटायचं.

"चाचा, पाथरवाडीला जायचंय मला," मी म्हणाले. "घाट चढला की मुरूम, पुढं लाल चिखल. अकरा वाड्या आहेत. मला बटणाचे टायर द्या, पुढं-मागं दोन्ही."

बटणाचा टायर म्हणजे ज्याच्यावर रबराचे चौकोनी उंच ठोकळे असतात तो. चिखलात असा रुततो आणि असा उचलतो की बघत राहावं. मी तो आठ दिवसांपूर्वीच येऊन हेरून ठेवला होता, बोटं घालून खाचा मोजल्या होत्या.

"बटण डांबरावर काय कामाचं न्हाई," तात्या म्हणाले. "बोंबलतं नुसतं. ओल्या डांबरावर वळणात सरकतं. पुढं रेघांचा टाक, मागं बारीक नक्षीचा."

"पण तात्या, डांबर संपतं घाटाच्या पायथ्याला!"

"तवर तर डांबरच हाय का न्हाई?"

"आणि पुढं? पुढं काय गाडी खांद्यावर घेऊ?"

चाचा फिस्सकन हसले. तात्या हसले नाहीत. खाली बसून त्यांनी मागच्या चाकाचे आरे एकेक करून दाबून बघितले, जणू आजवर ते कधी बघितलेच नव्हते.

"चाकं काढून ठेव, दस्तगीर," ते उठत म्हणाले. "ट्यूबा तपास. टायरचं उद्या सांगतो."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आई मी नववीत असताना गेली. नंतर घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक मी तात्यांना शिकवला आणि गाडी तात्यांनी मला. कृष्णेकाठच्या वाळूत, मागं बसून, दोन्ही हात हवेत धरून ते मला राजदूत चालवायला लावायचे. पडलो की आधी गाडी उचलायचे, मग मला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मिस्त्री, पोरीची जात आहे, मोटारसायकल कशाला? तात्या म्हणायचे, गाडीला कुठं कळतंय वर कोण बसलंय ते!

जनावरांच्या दवाखान्याचं ट्रेनिंग मी करून आले तेव्हा आमच्या तुकडीत तीस पोरं आणि मी एकटी मुलगी. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "पाथरवाडीची जागा कुणी घेत नाही. डोंगर आहे. वाडी वाडी हिंडावं लागतं. मुलींना जमेल का?" मी म्हणाले, "साहेब, मला राजदूत येते." टेबलाच्या पलीकडचे पाचही जण हसले आणि त्यांनी मला पाथरवाडी दिली. पशुधन पर्यवेक्षक, कुमारी शैला यशवंत दुबल. दहा जूनच्या आत हजर व्हायचं होतं.

ती जागा मी उगाच मागितली नव्हती. ट्रेनिंगात असताना तिथं एका शिबिराला गेले होते. ठकूबाई नावाच्या गवळी धनगर बाईची म्हैस दोन दिवस अडली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती माती झाली होती. ठकूबाई रडत नव्हती. म्हशीच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. मी म्हणाले, "मावशी, मी येते इथं. बेंदराच्या सणाच्या आत येते बघा." तिनं माझ्याकडं वर पाहिलं. "येतो म्हननारी लय बघितली, लेकी," ती म्हणाली. "तू आलीस की खरं म्हनीन."

तो शब्द मी दिला होता आणि त्या शब्दाला मला बटणाचे टायर हवे होते. बाकी सगळं तयार होतं. औषधांची पत्र्याची पेटीसुद्धा मी रंगवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या साखर कारखान्याच्या गॅरेजात कामाला गेले. तिथं ते टायर मिस्त्री होते, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. मी भाकरी थापत होते आणि मला चेअरमनसाहेबांची जीप आठवली.

ती गोष्ट सगळ्या कारखान्यात प्रसिद्ध होती. चेअरमनसाहेब लग्नाला निघाले होते, जीप दारात उभी होती, आणि तात्यांनी पुढच्या टायरला आलेला फुगा पाहिला. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. तात्यांनी जीप सोडली नाही. साहेब ओरडले, मॅनेजर ओरडला. तात्या जीपसमोर उभे राहून म्हणाले, "माझ्या अंगावरून न्या, पर या टायरवरून न्हाई." टायर बदलून होईपर्यंत तिकडं अक्षता पडल्या. साहेब वर्षभर तात्यांशी बोलले नाहीत.

असा माणूस रस्ता चुकीचा सांगेल? माझ्या गाडीचा?

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तात्या डांबर म्हणत असतील तर ती गाडी डांबरावरच चालणार होती. चुकीची माहिती त्यांना नव्हती, मला होती.

मी तवा उतरवला आणि साताऱ्याची एसटी धरली.

तिथल्या पशुसंवर्धनाच्या जिल्हा ऑफिसातले क्लार्क वयस्क होते, स्वभावानं चांगले. मला पाहताच म्हणाले, "या या! अहो, तुमचं काम झालं की. सुधारित आदेश परवाच निघाला. उंबरमळा. हायवेला लागून, कराडपासून चौदा किलोमीटर. घरची भाकरी खाऊन नोकरी करा!"

"कुणी मागितलं उंबरमळा?"

"तुम्हीच की. वडील तुमचे तीन खेटे घालून गेले इथं. देवमाणूस."

त्यांनी फाईल उघडून माझ्यापुढं सरकवली. अर्ज होता, निळ्या शाईत. माझं अक्षर लहानपणापासून तात्यांच्या अक्षरावर गेलेलं, त्यामुळं तो मीच लिहिला असं कुणालाही वाटलं असतं. मला मात्र वाटलं नाही. तात्या 'ल'चा पाय लांब ओढायचे. सगळ्या अर्जात ते पाय ओढलेले होते.

'मी स्त्री असल्याने व मला मोटारसायकल चालविण्याचा सराव नसल्याने डोंगराळ भागात काम करण्यास मी असमर्थ आहे. तरी मेहेरबान साहेबांनी माझी नेमणूक सपाटीच्या गावी करावी, ही नम्र विनंती.'

खाली माझी सही. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत खातं काढायला नेलं, तेव्हा ही सही तात्यांनीच मला गिरवून दाखवली होती. ती त्यांना येणारच होती.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. मोटारसायकल चालविण्याचा सराव नसल्याने. वाळूतले ते दोन हवेतले हात मला दिसत होते.

क्लार्कनी चष्मा काढला. "ताई, काय झालं? सही तुमचीच ना?"

त्यांचा आवाज बदलला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसानंही मान वर केली. मी 'नाही' म्हणाले असते तर उंबरमळ्याचा आदेश तिथल्या तिथं रद्द झाला असता, पाथरवाडी माझीच राहिली असती. आणि खोट्या सहीबद्दल तात्यांवर फौजदारी. दोन वर्षं राहिलेली नोकरी, चेअरमन आधीच डूख धरून बसलेले. कारखान्याच्या गेटातून माझ्या बापाला पोलीस नेताहेत, हे मला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या दिसलं.

"माझीच आहे," मी म्हणाले.

मला मोटारसायकल येत नाही, हे अशा रीतीनं माझ्याच तोंडून सरकारदफ्तरी पक्कं झालं.

एसटीतून उतरले ती थेट दस्तगीरचाचांच्या दुकानात गेले. राजदूत विटांवर उभी होती, चाकं बाजूला काढून ठेवलेली. चाचांनी दोन्ही प्रकारचे टायर खाली काढून ठेवले होते.

"बटण बसवा, चाचा."

"काय ठरलं म्हनायचं? रस्ता कोणता?"

"डांबर. चौदा किलोमीटर. सगळं डांबर."

चाचा थांबले. "मग बटण कशापायी? माझ्या दुकानातनं चुकीचा टायर जात न्हाई, पोरी. तुझ्या बापानं बघितलं तर मला फाडून खाईल."

"टायर बरोबर आहे, चाचा," मी म्हणाले. "रस्ता चुकलाय."

आणि तिथं, त्या पाण्याच्या परातीपाशी बसून, मी रडले. साताऱ्यात रडले नव्हते, एसटीत रडले नव्हते. चाचांना मी सगळं सांगितलं. त्यांनी टायरला साबणाचं पाणी लावलं, पहारी घेतल्या आणि बटणाचे टायर चढवायला सुरुवात केली. हवा भरताना फक्त एवढंच म्हणाले, "ओल्या रस्त्यावर हळू जा. येवढं माझं ऐक."

घरी आले तेव्हा दिवस मावळायचा होता. बटणाचा टायर डांबरावर आला की घुमतो. एकसारखा, लांबवर ऐकू जाईल असा. गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला तात्या ओट्यावर उभे राहिलेले दिसले. त्यांना माझ्याकडं बघायची गरज नव्हती. आवाजावरून त्यांना टायर कळले होते, आणि त्यांच्या शब्दाबाहेर मी बटण चढवलं म्हणजे मला काय कळलंय, तेही.

"साताऱ्याला गेली व्हतीस," ते म्हणाले.

"सही चांगली जमलीय."

ते खाली बसले. मी गाडी बंद केली नाही, दाराशी तशीच घुर्र घुर्र ठेवली. आमचं बोलणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला गाडी येत नाही, असं लिहिलंत तुम्ही. तुम्ही!"

"कायतरी कारण लिवावं लागतंय, शैले. त्याशिवाय बदली हुईत न्हाई."

"मग खरं कारण लिहायचं होतं."

"खरं कंचं?"

"माझा बाप एकटा पडतो. त्याला घर खायला उठतं. एवढं एक वाक्य. तुम्ही मला तोंडानं म्हणाला असतात ना तात्या, तर मी पाथरवाडी सोडली असती. हसत सोडली असती. ठकूबाईच्या पाया पडून आले असते."

स्वतःसाठी काही मागून घेणं तात्यांना कधी जमलं नाही. माझ्याबद्दल खोटं लिहिणं त्यांना सोपं गेलं.

"काल दुकानात बटणाला हो म्हणाला असतात तर मला कळलंसुद्धा नसतं," मी म्हणाले. "आदेश पोस्टानं आला असता, सरकारी कारभार म्हणून मी गप्प बसले असते."

"आन् हायवेला बटण?" तात्या एकदम म्हणाले. "ओल्या रस्त्यात सरकून पडली असतीस म्हंजे?"

मला फसवायला त्यांचा हात थरथरला नव्हता, पण गाडीला चुकीचा टायर चढवायला त्यांची जीभ रेटली नव्हती. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"जेवून घे," ते म्हणाले. "भाकरी मी थापल्यात. सकाळची करपली व्हती."

मी उंबरमळ्याला हजर झाले. पाथरवाडीला कोल्हापूरकडचा कुणी पोरगा नेमला गेला, तो मंगळवारी येऊन रजिस्टरावर सह्या करून जायचा, असं ऐकलं. बेंदूर आला आणि गेला. दिवाळीच्या आधी कराडच्या गुरुवारच्या बाजारात ठकूबाई लोणी विकायला बसलेली दिसली. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. तिनं मला ओळखलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"असू दे, लेकी," ती म्हणाली. "डोंगर हाय. कोन येनार?"

खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. बापाचं नाव बाजारात कसं काढू? तेव्हा तिच्या हिशेबी मीही येतो म्हणणाऱ्यांतलीच एक होऊन राहिले, आणि तिच्या बाकीच्या म्हशी कशा वाचल्या, वाचल्या का, हे मला कधीच कळलं नाही.

मी लग्न केलं नाही. ती गोष्ट वेगळी, आणि फारशी रंजकही नाही. रोज चौदा किलोमीटर जायचं, चौदा यायचं. डांबरावर बटण लवकर झिजतं. झिजलं की मी चाचांकडं जायची, ते रस्ता विचारायचे नाहीत, गुपचूप नवं बटण चढवून द्यायचे. असं पाच वेळा झालं. चौदा वर्षं रोज संध्याकाळी तो घूं घूं आवाज आमच्या गल्लीत शिरायचा आणि तात्या ओट्यावर बसून तो ऐकायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत. आम्ही वाईट वागत होतो असं नाही. मी त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, औषधं आणायची. फक्त सांगण्यासारखं काही असलं तर ते मी चाचांना सांगायची.

पुढं तात्यांची नजर गेली. काचबिंदू होता, उशिरा कळला. मग तर ते दुपारी चारपासूनच ओट्यावर येऊन बसायचे.

त्या वर्षी चाचा वारले. टायर पुन्हा झिजले होते. दुकानात त्यांचा मुलगा होता. त्यानं गाडी बघितली, आत जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, बटण आता कोन ठेवत न्हाई या साइजमधी. रेघांचा बसवतो. डांबरावर भारी चालंल." मी दमले होते. बसव म्हणाले.

ती गाडी घेऊन निघाले तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आवाजच नव्हता. चाकं डांबरावरून अशी सुळकन जात होती की वाटावं, पहिल्यापासून ही अशीच जायची होती. गल्लीच्या उतारावर मी इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच सोडून ओट्यासमोर आणून लावली.

तात्या बसले होते. तोंड रस्त्याच्या टोकाकडं, जिथून आवाज यायचा तिकडं. मी दोन हात अंतरावर उभी होते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

ते थोडा वेळ कान देऊन बसले. घड्याळ दिसत नव्हतं, पण वेळ त्यांना कळत होती. गुडघ्यावर ठेवलेली बोटं हलायला लागली. मग स्वतःशीच, हलक्या आवाजात म्हणाले, "न्हाई आली. गेली वाटतं डोंगरात."

चौदा वर्षं. चौदा वर्षं रोज संध्याकाळी हा माणूस याच भीतीनं इथं बसत होता, आणि रोज तो आवाज आला की सुटत होता. मी शिक्षा म्हणून आणत होते तो आवाज. त्यांना तोच दिलासा होता.

"नाही गेले, तात्या," मी म्हणाले. "जाऊ कुठं दिलंत तुम्ही?"

ते दचकले. आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात पुढं केला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही, राजदूतच्या पुढच्या चाकाला लागला. बोटं टायरवरून फिरली, रेघा त्यांना लागल्या. एका रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"बरोबर हायती," तात्या म्हणाले.

मी गाडी आत घेतली आणि चुलीकडं गेले.